पानाच्या डब्याखालचं अंतराळयुद्ध

मला राग येऊन आता बरेच महिने झाले. तो ओसरत नाही. घरातले म्हणतात, या वयात एवढं तापू नये, रक्तदाब वाढेल. वाढू दे. रोज सकाळी गोळी गिळतेच आहे, तिलाही जरा काम पडू दे.

रागाचं कारण सांगितलं की लोक हसतात. कारण आहे एक खेळ. चाळीसेक वर्षांपूर्वीचा, पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचा. अंतराळात जहाजांच्या दोन ताफ्यांची लढाई. हसून घ्या. मीही आधी हसलेच होते, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

खेळ आणला माझ्या जेठांनी, म्हणजे यांच्या थोरल्या भावाने. सगळं घर त्यांना नाना म्हणतं. नाना तरुणपणी कंपनीच्या ट्रेनिंगला अमेरिकेला गेले, तेव्हा वरणगावात आमच्या ओट्यावर लोक त्यांची वाट पाहत होते. कोणाला वाटलं टेपरेकॉर्डर येईल, कोणाला वाटलं कॅमेरा. नानांनी बॅग उघडली आणि एक चपटा खोका काढला. झाकणावर आग ओकणारं जहाज. आत घडीचा काळा नकाशा, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं, बोटाच्या पेराएवढ्या चौकोनी सोंगट्या, दोन फासे आणि बारीक इंग्रजीतलं जाडजूड नियमांचं पुस्तक.

सासूबाई म्हणाल्या, "येवढ्या दूर गेला, आन् पुठ्ठे घेऊन आला?"

खेळाला दुसरा गडी लागतो. नानांनी आधी यांना बसवलं. हे ऑर्डनन्स फॅक्टरीत पाळीवर जायचे. पहिला नियम सांगून होईतो यांचा डोळा लागला. "दिवसभर काडतुसं पाहतो, घरी आल्यावर पुन्हा लढाई कशाला?" असं म्हणून कूस बदलली. नाना नोकरीला जळगावला, जाऊबाई आणि त्यांचा शाळकरी मुलगाही तिथेच; रविवारी नाना तेवढे घरी. बिचारे एकटेच नकाशा पसरून दोन्ही बाजूंनी खेळायचे.

मी तेव्हा नवी सून. साक्रीकडची, बारावी सायन्स. सासरी वाचायला पंचांगाशिवाय काही नाही, म्हणून दुपारी सगळे झोपले की ते नियमांचं पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचायचे. पुठ्ठ्याचा वास येईपर्यंत नाक खुपसून वाचायचे. वाटायचं, आपण काहीतरी फार मोठं करतोय. नाकाला शेंगदाण्याच्या कुटाचा डाग, आणि चालली अंतराळात!

खेळ असा होता. प्रत्येक जहाजाला दर फेरीला ठरावीक शक्ती मिळायची. ती तीन ठिकाणी वाटायची: पळायला, तोफांना आणि कवचाला. पळण्यात घातली की तोफ थंड. तोफेत घातली की अंग उघडं. मला हे पहिल्या वाचनात कळलं, कारण आमच्या स्वयंपाकघरात एका पातेल्यातल्या दुधाचं रोज संध्याकाळी हेच व्हायचं. सासऱ्यांचा पेला, पाहुण्यांचा चहा आणि उद्याचं विरजण. कुठेतरी कमी पडणारच, आणि कुठे पडू द्यायचं ते आधी ठरवायचं.

पण खेळाचा जीव याच्याही पुढे होता. दोघांनी आपापली वाटणी आणि चाल गुपचूप चिठ्ठीवर लिहायची आणि दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. समोरचा डावीकडे वळेल की उजवीकडे, याचा तुम्ही अंदाज बांधायचा. तोही तुमचा बांधणार. फासे फक्त गोळा लागला की नाही तेवढं सांगायचे. बाकी सगळा डोक्याचा मामला.

"नानांना सांगा, मला खेळता येतं," मी सासूबाईंना म्हटलं.

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फॅक्टरीची भिंत चढून जायची परवानगी मागितली. जेठासमोर सुनेनं बसायचं नाही, बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही. जेठांना काही द्यायचं झालं तर ते जमिनीवर ठेवणार, मग सून उचलणार. मग समोरासमोर बसून त्यांच्या जहाजावर तोफा कशा डागायच्या?

पण नानांना गडी हवाच होता. त्यांनीच तोड काढली. माजघरात नकाशा, त्यापाशी नाना. स्वयंपाकघरात भिंतीआड मी. मधल्या उंबऱ्यावर सासूबाई, पुढ्यात त्यांचा पितळी पानाचा डबा. मी चिठ्ठी सासूबाईंच्या हातात द्यायची, त्या डब्याखाली ठेवणार. नाना आपली चिठ्ठी ठेवणार. मग दोन्ही उघडणार. फेरी संपली की नाना ओट्यावर जाऊन उभे राहायचे. तेवढ्यात मी कपाळापर्यंत पदर ओढून बाहेर यायचे, नकाशा डोळ्यांत साठवायचे, माझी जहाजं सरकवायचे आणि पळत तव्यापाशी. भाकरी करपली तर सासूबाई म्हणायच्या, "तुह्या लढाईनं उपाशी मारशीन आम्हाले."

आणि मी हरायचे. दर रविवारी. मी डावीकडे वळले की नानांच्या तोफा डावीकडे. मी कवच उतरवून पळाले की नेमका तेव्हाच मारा. मी सगळी शक्ती तोफांना दिली की नाना आपले लांब कोपऱ्यात जाऊन बसलेले. गल्लीतली माणसं ओट्यावर जमायची आणि आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "पडलं व तुहं अजून एक!" मग हशा.

मला वाटायचं, काय हा माणूस! मन वाचतो. माहेरी गेले की मी अंगणात बसून बढाया मारायचे, "आमना जेठले माणूसनं मन वाचता येस." आई म्हणायची, मग त्यांच्यापुढे वाईट काही मनात आणू नको. मी खरंच आणायचे नाही. चाल लिहिताना मनातल्या मनात दुसरंच बोलायचे, त्यांना फसवायला. भिंतीपलीकडच्या माणसाला! ही बारावी सायन्स.

एकदा तर मी ठरवलं, आपण विचारच करायचा नाही. मूठभर ज्वारी घेतली. दाणे सम निघाले तर डावीकडे, विषम निघाले तर उजवीकडे. मलाच माहीत नाही मी कुठे जाणार, तर नाना काय वाचणार? चिठ्ठ्या उघडल्या. नानांच्या तोफा माझ्याच वाटेवर रोखलेल्या. शेंबड्या पोरालाही कळलं असतं की इथे काहीतरी गडबड आहे. मला काय कळलं? मला कळलं की नाना साधेसुधे नाहीत. त्या संध्याकाळी उंबऱ्यापासून त्यांना वाकून नमस्कार केला.

एकाच रविवारी वेगळं घडलं. सासूबाईंना शेजारच्या बाळंतिणीकडून बोलावणं आलं. मी दार लोटून नुसता हात बाहेर काढला आणि चिठ्ठी स्वतःच डब्याखाली सरकवली. त्या फेरीत नानांचं सगळ्यात मोठं जहाज फुटलं. नाना म्हणाले, डोकं दुखतंय, गुंडाळा. आणि मी भिंतीआड काय म्हटलं? "चुकून लागलं हो."

चुकून लागलं हो! त्या पोरीला आज समोर उभी करून दोन थोबाडीत द्याव्यात असं मला वाटतं.

हे सगळं खेळापुरतं असतं तर मीही आज हसले असते. पण त्याच वर्षी भुसावळला डी.एड.ला प्रवेश चालू असल्याचं सासऱ्यांच्या कानावर आलं. सासरे भला माणूस. म्हणाले, सून शिकलेली आहे, करू द्या, मास्तरीण होईल. मी मनातल्या मनात खडूही हातात घेतला. घरात रीत अशी की मोठ्या निर्णयाआधी नानांना विचारायचं. रविवारी विचारलं. मी भिंतीआड पीठ मळत होते.

नाना म्हणाले, "स्वभावानं चांगली आहे, कष्टाळू आहे. पण तिचं डोकं पुढचं पाहत नाही. मी दर रविवारी पाहतो ना. उगाच नापास होईल, मग तिलाच वाईट वाटेल."

विषय संपला. सासऱ्यांनी मला विचारलं, तुला काय वाटतं? मी दाराआडून म्हणाले, "नाना बरोबर बोलतात." कारण मला खरंच तसं वाटत होतं. दर रविवारी पुरावा मिळत होता ना! तेव्हापासून मी स्वतःला मंदच समजत आले. मुलांचा अभ्यास यांच्याकडे. बँकेचं यांच्याकडे. जळगावात पिंप्राळ्याला घर घ्यायचं ठरलं, तेव्हा मला आतून कळत होतं की त्या प्लॉटवर पाणी साचणार. बोलले नाही. माझं डोकं कुठे पुढचं पाहतं? दर पावसाळ्यात गेटपासून पायरीपर्यंत विटांवरून चालतो आम्ही.

आता या वर्षीची गोष्ट. धुळ्याला नानांच्या नातवाचा साखरपुडा होता. नाना आता मुलाकडे धुळ्यालाच असतात. जेवणं झाली होती, होणारी नातसून इंजिनिअर, तिच्या माहेरची मंडळी खुर्च्यांवर ऐसपैस बसलेली. नाना रंगात आले.

"आमच्या घरात तेव्हा अंतराळयुद्ध चालायचं, माहितेय? ही आमची धाकटी सून आतून चिठ्ठी पाठवायची. आणि आमची माय ती डब्याखाली ठेवायच्या आधी हळूच माझ्या हातात द्यायची! मी वाचायचो, मग माझी लिहायचो. म्हणायची, थोरला पोरगा सुनेकडून हरला तर गावात तोंड कसं दाखवू? आणि ही बिचारी दर वेळी हरायची, तरी पुढच्या रविवारी तयार!"

सगळे हसले. नातसुनेची आई डोळे पुसत हसली. आणि मी, हातात जिलेबीचा तुकडा, मीही हसले. चांगली खळखळून. एवढ्या वर्षांची सवय, नाना बोलले की हसायचं.

परतताना गाडीत पारोळ्यापर्यंत मी मनात जुने डाव लावत होते. एरंडोलला पेटले.

"अहो, ऐकलंत का? ते माझी चिठ्ठी आधी वाचायचे!"

"मग? घरातलाच खेळ होता."

"मी ज्वारीचे दाणे मोजून चाल ठरवली होती!"

"कसले दाणे?" हे म्हणाले. मग म्हणाले, "जाऊ दे ना. केवढी जुनी गोष्ट."

"आणि माझं डी.एड.?"

हे खिडकीबाहेर पाहू लागले. यांना आठवत होतं. आठवत असताना खिडकीबाहेर पाहायची कला यांना लग्नाआधीपासून येते.

घरी आल्यावर मी सासूबाईंच्या फोटोचं तोंड भिंतीकडे केलं. काही दिवस हार घातला नाही. मग वाटलं, त्या माउलीला तरी त्या खेळातलं काय कळत होतं? तिला एवढंच कळत होतं की आपला पोरगा हरता कामा नये. चिठ्ठी पुढे करणारा हात तिचा, पण ती उघडून वाचणारे डोळे शिकलेल्या माणसाचे होते. फोटो सरळ केला. राग सगळा एका जागी गोळा केला. शक्ती वाटून टाकली की तोफ थंड पडते, हे मला कोणी शिकवायला नको.

खोका माझ्याकडेच होता. वरणगावचं घर आवरलं तेव्हा कोणाला नको होता, म्हणून पापडाच्या डब्यांसोबत माझ्या माळ्यावर आला होता. उतरवला. एका कोपऱ्याला कसर लागली होती, दोन सोंगट्या गायब. त्यांच्या जागी चिंचोके ठेवले. मग नानांना फोन लावला.

"नाना, खेळायला या."

"कशाला आता? गुडघे धरलेत. दिसतही नाही नीट."

"हिरवी वांगी आलीत बाजारात. हे गच्चीवर कपाशीच्या काड्यांवर भाजणार आहेत. कळण्याच्या भाकरी करते."

नाना रविवारी आले. भरितासाठी ते आजारपणातूनही उठून येतील.

मी जेवणाच्या टेबलावर नकाशा मांडून ठेवला होता. मधोमध सासूबाईंचा पितळी डबा. आता आम्ही समोरासमोर बोलतो, सासूबाई गेल्यावर पदर आपोआप मागे सरला. पण समोरासमोर बसून खेळणं पहिल्यांदाच. हे गच्चीवरून खाली डोकावले आणि वांग्यांकडे परत गेले.

"एक डाव," मी म्हटलं. "पण नियमानं. आणि हरलात तर म्हणायचं, हरलो."

"बरं बाई," नाना हसले.

मी चिठ्ठी लिहिली, घडी घातली, डब्याखाली सरकवली. आणि नानांचा हात आपसूक डब्याकडे आला. त्यांना कळलंही नसेल. मी डब्यावर पंजा ठेवला.

"आधी तुमची लिहा."

नानांनी पेन धरलं. नकाशाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत नकाशाकडे. त्यांना काही सुचेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि माझा राग दुप्पट झाला: या माणसाला हा खेळ येतच नव्हता! अंदाज बांधायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती. मी मात्र त्या भिंतीआड दर रविवारी खरोखर खेळत होते. न दिसणाऱ्या माणसाचं मन ओळखायचा सराव आमच्या घरात एकीनेच केला होता, आणि मंद ठरली होती तीच.

पहिल्या फेरीत त्यांच्या तोफा रिकाम्या जागेवर सुटल्या. दुसरीत त्यांचं एक जहाज गेलं. मग आणखी एक.

"हा आकडा मला दिसला नाही," नाना म्हणाले.

मी भिंग पुढे सरकवलं. ते मी आधीच काढून ठेवलं होतं.

"भूक लागली गं. भरीत गार होईल."

"होऊ दे."

हे गच्चीवरून परात घेऊन उतरले. "अगं, नाना भुकेले आहेत. वाढ ना."

"वांगी तुम्ही भाजलीत, वाढा तुम्हीच. माझी चाल चालू आहे."

घरात असं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. यांनी परात टेबलाच्या कडेला ठेवली. मग कांद्याची पात शोधायला फ्रिज उघडला आणि बराच वेळ उघडाच ठेवला.

शेवटी नानांचं मोठं जहाज उरलं. मी डावीकडे गेले नाही, उजवीकडेही नाही, जागच्या जागी थांबून सगळी शक्ती तोफांना दिली. चिठ्ठ्या उघडल्या. नाना माझ्या तोंडासमोर येऊन थांबले होते. फासे टाकले. गेलं.

"तू जिंकलीस म्हण हवं तर," नाना म्हणाले, आणि ती सोंगटी उचलून माझ्यापुढे टेबलावर ठेवली. जमिनीवर ठेवायचे तशी. मी उचलावी म्हणून.

मी हात पुढे केला नाही. "हवं तर नाही. काय ठरलं होतं?"

नाना हसले, यांच्याकडे पाहिलं, यांनी फ्रिजमध्ये पाहिलं. "हरलो बाबा. हरलो. झालं?"

हरलो. एवढुसा शब्द. घशात न अडकता, दाताला न लागता आला. मला वाटलं होतं, तो ऐकला की आत काहीतरी थंड होईल. उलट आणखीच भडका उडाला. एवढं सोपं होतं?

"आणि माझं डोकं?"

"काय झालं डोक्याला?"

"पुढचं पाहत नाही म्हणाला होतात. डी.एड.च्या वेळी. बाबांना."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्याकडे खरोखर नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, हेच वाईट. "कोणतं डी.एड.?" ते म्हणाले. "तू डी.एड. करणार होतीस?"

आठवतच नव्हतं. माझं अख्खं आयुष्य ज्या वाक्यावर रेटलं गेलं, ते ज्यानं उच्चारलं त्याच्या डोक्यात त्याला पाटाएवढीही जागा मिळाली नव्हती. मी त्यांना सगळं सांगितलं. ओट्यावर कोण बसलं होतं, सासरे काय म्हणाले, मी पीठ मळत होते, ते वाक्य शब्दाशब्दानं. साक्रीच्या बोलीत गेले रागारागात. "माले बठ्ठं आठवस, नाना! तुमले कसं नही आठवत?"

नाना खाली मान घालून ऐकत राहिले. म्हणाले, "म्हणालो असेन. पण आठवत नाही गं. खोटं कसं सांगू?"

आता खोटं सांगायचं नव्हतं म्हणे यांना! डब्याखालची चिठ्ठी वाचताना कुठे होता हा खरेपणा?

मी भाकरी वाढल्या. जेवले सगळे. भरीत गार झालं होतं तरी नानांनी दोनदा घेतलं. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "येऊ का मग?"

"येत्या रविवारी या," मी म्हटलं. "तुम्हाला आठवेपर्यंत खेळायचं."

त्यांना वाटलं, मी गंमत करते. पण येतात. मुलगा सकाळी धुळ्याच्या स्टँडवर एसटीत बसवून देतो, हे इकडे उतरवून घेतात. मी नकाशा मांडून बसलेली असते. नाना आता हळूहळू अंदाज बांधायला शिकतायत, गेल्या खेपेला माझं एक जहाजही पाडलं, स्वतःच्या डोक्यानं. माझा संताप झाला. तरी डाव मीच जिंकले. ते "हरलो" म्हणतात, आता न मागता म्हणतात.

मग मी विचारते, "आठवलं?"

"नाही गं."

"मांडा मग."